पेल्यातलं पाणी

आज मी मुलाखती घेत होतो. जनरेटर सुरू झाला, टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं आणि मला माझीच मुलाखत आठवली.

याच वीज कंपनीत फायनान्स ॲनालिस्टची जागा होती. नवव्या मजल्यावर साहेबांनी पवनचक्कीच्या खर्चाचं विचारलं आणि जनरेटरनं असंच पाणी हललं. उत्तर अर्धवट टाकून मी दाराशी पळालो.

“गाव कोणतं तुमचं?” साहेबांनी विचारलं.

“सास्तूर.”

आमच्याकडचा त्र्याण्णवचा भूकंप माझ्या जन्माआधीचा. पण आई कायम बजावायची, “कुठंबी बस, आधी दार बघून ठिव.”

साहेबांनी दार सताड उघडलं, माझी खुर्ची तिथं ओढली. “हं, आता सांगा.”

आज समोरची मुलगी न अडखळता बोलत राहिली. दाराकडं मीच बघत होतो.