उजवीकडे कललेली गाडी

आमच्याकडे स्पोर्ट्स कार होती असं सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग माझ्या चपलांकडे. मुलुंडची चाळ, दोन खोल्यांत सात माणसं, संडास सार्वजनिक, आणि खाली नळापाशी विलायती, लाल, दोन सीटची, टप उघडणारी गाडी. मी थापा मारतो हे अख्ख्या चाळीला माहीत असल्यामुळे माझं खरं बोलणं नेहमी फुकट जातं. पण गाडी होती. नळावरच्या बायका तिच्या बॉनेटवर कळशा ठेवायच्या, त्यांचे गोल डाग शेवटपर्यंत गेले नाहीत.

सांताक्रूझच्या एका बंगल्यातले म्हातारे साहेब कायमचे परदेशी मुलाकडे निघाले होते. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्या मोटारी बघायला जायचा. ही एक त्यांच्या आंब्याखाली पडून सडत होती. साहेब म्हणाले, तू ने, नाहीतर भंगारवाला नेईल. दादाने टेम्पोला दोर बांधून ती ओढत आणली. ही गोष्ट सांगताना मी टेम्पोच्या जागी कधी रोड-रोलर घालतो, कधी हत्ती. सीटखालून मुंगूस निघालं हे मात्र खरं आहे. ते पुढे चाळीतच राहिलं आणि आमच्यापेक्षा जाड झालं.

आता दादाचं वजन. त्याबद्दल मी इतकं काही सांगून ठेवलंय की मलाच आकडा माहीत नाही. घाटकोपरच्या जत्रेत तो पाळण्यात बसला, तर समोरच्या टोकाला असलेलं एक आख्खं कुटुंब वर आभाळात अडकलं, आणि त्यांच्या धाकट्याचं जावळ तिथेच काढावं लागलं. बस वळणावर कलायला लागली की कंडक्टर त्याला हात जोडून दुसऱ्या बाजूला बसवायचा. यातलं काही झालं, काही व्हायला हवं होतं. पण दादा त्या गाडीत बसला की गाडी उजवीकडे बसायची, हे सगळ्यांनी बघितलंय. मागच्या दोन चाकांना मिळून एकच आडवा पाटा होता, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. त्या पाट्याचं उजवं अंग दादाखाली हळूहळू दबत गेलं आणि मग दादा उतरला तरी वर यायचं बंद झालं. उजवं चाक खालून फेंगडं झालं. चाळीतले लोक गॅलरीतून खाली बघून म्हणायचे, "दादा आत आहे की बाहेर, काही कळत नाही बुवा."

मी गाडी शिकलो ती हिच्यावरच. स्टेअरिंग मोकळं सोडलं की ती उजवीकडे ओढायची, म्हणून हात कायम थोडे डावीकडे धरून ठेवायचे. क्लच, ब्रेक, तसं हे एक, असं मला वाटायचं. कारखान्याची जीप पहिल्यांदा हातात आली तेव्हा मी ती सरळ चालवत नेऊन गेटच्या डाव्या खांबाला टेकवली. सुपरवायझरला म्हटलं, साहेब, जीपमध्ये खोट आहे.

लग्नसराईत गाडी वरातीला जायची. घाटकोपरपासून मुलुंड चेकनाक्यापर्यंत अशी दुसरी गाडी नव्हती. नवरानवरी मागे दुमडलेल्या टपावर बसायचे, दादा चालवायचा, आणि मी पुढे चालत लोकांना बाजूला करायचो आणि गाडीविषयी माहिती द्यायचो. माहिती दर वरातीला वेगळी असायची. एकदा मी ती एका महाराजाची सांगितली, आणि दादा चालवता चालवता म्हणाला, "अरे, मागच्या वेळी पायलटची होती ना रे?"

दादा गेला तो लग्नसराईच्या तोंडावर. कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी. त्याची माझ्याकडे काही गोष्ट नाही. संध्याकाळी डबा घरी आला, तो वहिनीने उघडला, भाजी गाईला घातली आणि डबा घासून पालथा ठेवला.

पुढच्या दिवसांत माणसं येत राहिली. मी दाराशी बसून त्यांना पाळण्याची गोष्ट सांगत होतो, बसची सांगत होतो. तोंडावर पदर धरून बायका हसत होत्या. दातवाल्या डॉक्टरने सुई टोचली की गाल जसा होतो, आपला आपण चावला तरी कळत नाही, तसा मी सगळाच झालो होतो. माझं बोलणं मला शेजारच्या खोलीतून आल्यासारखं ऐकू यायचं. खाली गाडी तशीच उजवीकडे कलून उभी. दादा आत की बाहेर, असं आता कोणी म्हणत नव्हतं.

तेरावं झाल्यावर दादाचा दोस्त आला. विक्रोळीला कन्नमवार नगरात राहायचा, दादाच्याच खात्यात कामाला. दोघं एकत्र जेवायचे. त्या दिवशीही तोच समोर होता. मी त्याला भाऊ म्हणतो. दारातूनच "जय भीम" म्हणाला, चहा घेतला.

"पोरीच्या लग्नाचं विचारायचं होतं," तो म्हणाला. "आमच्यात मुहूर्त, सुतक काही बघत नाहीत. तुमच्यात बघतात. वर्षभर काही करायचं नसेल तर तसं सांग. मी टेम्पो सांगतो, राग नाही."

"दोघांचे निरोप आलेत, गाडी नको म्हणून," मी म्हटलं. "गेलेल्या माणसाची गाडी, वरातीला कशी घेणार म्हणतात."

"मला त्याचीच पाहिजे. पोरगी एवढीशी होती तेव्हापासून तो तिला सांगत आलाय, तुझी वरात काकाच्या लाल गाडीतून. आता तिने सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवलंय."

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली, "गाडी येईल."

"पण वहिनी, चालवणार कोण?" भाऊने विचारलं.

"हा आहे की."

मी आहे, हे मलाही तेव्हाच कळलं. भाऊ उठून गॅलरीत गेला, खाली वाकला. "मागचा उजवा टायर बघितलास? येताना वाकून बघितलं, आतून धागे दिसतायत. तो मला म्हणाला होता, लग्नाच्या आधी बदलतो म्हणून. वरातीत फुटला तर लोक फटाका समजतील, पण जावई माझा आधीच भित्रा आहे, पळून जाईल."

दुसऱ्या दिवशी गाडी घाटकोपरला गॅरेजमध्ये नेली. डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याची शेड, आणि मालक मालवणी, थापांमध्ये मला कधीच हरवू न शकलेला पण हार न मानणारा माणूस. त्याने जॅक लावला, चाक काढलं आणि हात फिरवला.

"बघ मेल्या. भायरसून नवो कोरो, आतसून गुळगुळीत. असो टायर मी एकदाच बघलंय, सरकशीच्या गाडयेक. हत्ती एकाच बाजूक उभो रवायचो."

मी काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. मी नुसतं डाव्या चाकाकडे बोट दाखवलं. त्याने डावा टायरही बघितला. तो सगळीकडून सारखा झिजलेला, म्हणजे म्हातारा पण सरळमार्गी.

मग काय घालायचं यावर चर्चा झाली. पहिला मार्ग फुकटचा, टायर रिमवरून काढून उलटा चढवायचा. आतली बाजू बाहेर येते, झिजलेली बाजू जगाला दिसते, पण महिनाभर निघतो. धागे दिसत असल्यामुळे तो बाद. दुसरा, जुन्यावरच नवीन रबर चढवून घ्यायचं. तेही धाग्यांमुळे नाही. तिसरा, कुर्ल्याला बाहेरदेशचे वापरलेले रेडियल टायर मिळायचे. मी गेलो बघायला. दुकानदार म्हणाला, हा एका हिरोच्या गाडीचा आहे. मी म्हटलं, मग हा आमच्या गाडीला ओळखेल, तीही त्याचीच. तो हसला, मीही हसलो. पण त्याच्याकडे चांगला एकच होता, जोडीतला दुसरा दुसऱ्याच जातीचा. मागे दोन वेगळे टायर घातले तर ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी नाचते. शेवटी आपल्याकडचेच साधे, त्याच मापाचे, नवे दोन घेतले. दादाही असाच फिरून फिरून तिथेच आला असता.

ते घेऊन परत गॅरेजला गेलो. मालकाने एक चाक बसवलं आणि पान्यासकट थांबला.

"टायर घालतंय मी. पण पाटो? तुझ्या दादासाठी मी उजवीकडे एक पट्टी जास्त घातलेली. तरी पाटो बसलो. आता तू चालवतलंस. तुझा वजन ता काय, मांजराचा. पाटो सरळ करून घे. नायतर ह्यो नवो पण दिवाळीपर्यंत आतसून झिजतलो."

"पाटा राहू दे," मी म्हटलं. "टायर तेवढे घाल."

"कित्याक?"

"असाच."

त्याने माझ्याकडे बघितलं. "तू गप्प रवलंस म्हणजे काय तरी बिघाड हा."

गाडी घरी आणली. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, साच्यातून निघताना राहिलेले. घाटकोपर ते मुलुंड एवढ्या चालीत डाव्या टायरवरचे केस सगळीकडून सारखे गेले होते. उजव्याचे आतल्या बाजूचे साफ गेले होते, आणि बाहेरच्या काठावर तसेच ताठ उभे. मी उकिडवा बसून ते बघत होतो, किती वेळ ते माहीत नाही. वहिनी पाण्याला खाली आली, हंडा नळाखाली लावला आणि माझ्या बाजूला येऊन वाकली.

"हे असे का?"

मी सांगितलं. पाटा, फेंगडं चाक, मालक काय म्हणाला ते.

"मग पाटा का नाही केला?"

मी उरलेले केस बोटाने वाकवून बघत होतो. हंडा भरत होता, त्याचा आवाज बदलत गेला.

"त्यांनाच करायचा होता," वहिनी म्हणाली. "दर रविवारी म्हणायचे, पुढच्या रविवारी पाटा. त्यांना काय हौस होती वाकड्या गाडीची?"

"सरळ केला की मग गाडी अशी दिसणार नाही, वहिनी."

ती सरळ उभी राहिली. गाडीकडे बघितलं, उजव्या दाराकडे, जिथे लाल रंग दादाच्या कोपराने घासून फिका झाला होता. मग तिने नळ बंद केला.

"करून घे. लोकांची मुलगी बसणार आहे त्यात."

हंडा कमरेवर घेऊन ती वर गेली. जिन्यावर थोडं पाणी सांडलं, ते तिने मग येऊन पुसलं.

पाटा सरळ झाला. मालकाने दादासाठी घातलेली जास्तीची पट्टी काढली आणि विचारलं, "ही नेतलंस?" मी नको म्हटलं. ती त्याने कोपऱ्यातल्या ढिगावर टाकली. गाडी चाळीत येऊन उभी राहिली, अगदी सपाट. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. नळावरची एक म्हणाली, धुतलीस वाटतं. वहिनीने वरून एकदा बघितलं, "उंच वाटते," म्हणाली, आणि कपडे वाळत घालायला लागली.

लग्न कन्नमवार नगरच्या मैदानात होतं, संध्याकाळचं. पांढऱ्या साडीतली नवरी टपावर बसली, शेजारी नवरा, टपाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून. पुढे बँड. मी पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने निघालो. आता पुढे चालून माहिती द्यायला कोणी नव्हतं. कोणीतरी विचारलं, "कोणाची गाडी आहे?" मी म्हटलं, "भावाची." त्याला पुढे जोडण्यासारखं काही सुचलं नाही.

भाऊ बॉनेटशेजारी उजव्या बाजूने चालत होता. थोडं अंतर गेल्यावर तो माझ्याकडे वाकला.

"सारखा डावीकडे काय घेतोस? गटारात घालतोस काय माझ्या पोरीला?"

"गाडी उजवीकडे ओढते, भाऊ."

"कुठे ओढते? हात सोड बघू."

मी हात सोडले. बँड वाजत होता, गाडी सरळ चालत होती. नाकासमोर, कुठेही न ओढता. ओढत होतो तो मी. मी हात परत स्टेअरिंगवर ठेवले, नीट, मध्ये. दोन खांब गेले नाहीत तोच गाडी पुन्हा गटाराकडे सरकली. मी ती परत आणली. ती पुन्हा सरकली. हातांना सांगितलेलं कळत नव्हतं. आणि मला, खरं सांगायचं तर, त्याचंही काही वाटत नव्हतं.

भाऊने ते दोनतीनदा बघितलं. गाडीच्या पुढून वळसा घालून तो डाव्या बाजूला आला, गाडी आणि गटाराच्या मधे. मडगार्डवर हात ठेवला आणि चालायला लागला.

"चालव तू," तो म्हणाला. "मी आहे या बाजूला."

नवऱ्याच्या घरापर्यंत तो तसाच चालला. गाडी त्याच्याकडे सरकली की तो हाताने थोडी दाबायचा, आणि मी सरळ करायचो.