दसऱ्याला पुजलेला पास

कंडक्टरनं नखानं कुंकू खरवडलं आणि त्याच्याबरोबर फोटोतलं माझ्या लेकीचं नाक निघून आलं. शाळेचा शिक्का आधीच पसरून निळा डाग झाला होता. त्यानं पास उजेडाला धरला, उलटा करून बघितला आणि मला विचारलं, "मावशी, ह्यो पास हाय का देव्हाऱ्यातला टाक?"

गाडी हसली. लेक आठवीत होती, दांड्याला धरून उभी होती. ती हसली नाही. सहामाहीचा गणिताचा पेपर अकराला होता आणि आमच्या गाडीनं येडगाव नुकतंच मागं टाकलं होतं. शाळा अजून लांब, नारायणगावात.

"कुणी केलं ह्ये?"

"मी. काल दसरा व्हता. पूजा केली."

आमच्यात दसऱ्याला खुरपं, कोयता, पाभर, पाण्याचं इंजिन, जे जे घर चालवतं त्याची पूजा होते. पोरांची पुस्तकंही मांडतात. मी पुस्तकांवर तिचा पास ठेवला, पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल. मला त्यात काही गैर वाटलं नाही. त्या वर्षी घरात त्या कार्डाएवढं जोरदार हत्यार दुसरं नव्हतं.

हे उगाच म्हणत नाही. मी चौथी शिकले. पुढची शाळा लांब, गाडीला पैसे पडायचे, आणि पोरीवर ते कोण घालणार? सगळ्याच पोरींचं तसं होतं, म्हणून मला त्याचं दुःखही झालं नाही. मग माझ्या लेकीच्या वेळेला सरकारनं मुलींना शाळेचा पास फुकट केला. पहिल्या दिवशी मी मुद्दाम तिच्याबरोबर गाडीत बसले. कंडक्टर आला, तिनं कार्ड दाखवलं, त्यानं मान हलवली आणि पुढं गेला. मी बघतच राहिले. वीस वर्षं त्या गाडीनं मी बाजाराला जात होते. हवालदार सोडला तर पैसे न घेता कंडक्टर कुणापुढून हललेला मी पाहिला नव्हता. आणि ही एवढीशी पोर! घरात दूध उरलं तर तिला मिळायचं. आणि ज्यांनी तिला कधी बघितलंही नाही, अशा माणसांनी तिच्या नावाचं, तिच्या तोंडाचं कार्ड करून दिलं होतं. त्या दिवशी बाजारात मला गिऱ्हाइकाशी धड बोलायचं सुचलं नाही.

पण सासऱ्यांची अट होती. "फुकाट हाय तवर जाऊ दे. तिकिटाचा एक रुपाया पडला की दुसऱ्या दिशी शाळा बंद." तिचा बाप आपल्या बापापुढं बोलत नसे. ही अट सगळ्या वस्तीला माहीत होती, आणि माझा चुलत दीर त्या दिवशी गाडीत पुढच्याच बाकावर मान मागं वळवून बसला होता. तिकीट काढलं की ती खबर आमच्या आधी घरी पोचणार.

कंडक्टर वाईट माणूस नव्हता. "मावशी, तपासणीवाला चढला तर ह्ये त्याला काय म्हणून दाखवू? आजच्या दिस तिकीट काढा."

पैसे माझ्या कनवटीला होते. तिकीट काढलं असतं तर पेपर मिळाला असता आणि शाळा गेली असती.

"काढा की वयनी," दीर म्हणाला. "का पासाला कौल लावायचाय?"

"तुमी गप बसा, भावजी. तुमी निस्तं तुमचं तिकीट काढलंय, गाडी इकत न्हाई घेतली." मग मी कंडक्टरला म्हणाले, "तिकीट न्हाई काढायचं, भाऊ. आमाला उतरवा. माजी मेथीची पाटी तेवढी ष्ट्यांडावर ठेवा."

त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा पोरीकडं बघितलं आणि घंटी ओढली.

गाडी गेल्यावर लेक म्हणाली, "आई, पळायचं का?"

"मग काय नाचायचं?"

रस्ता सोडून उसाच्या बांधांवरनं पळालो. दम लागून मी दोनदा खाली बसले. दोन्ही वेळेला तिनं मला ओढून उठवलं. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "माजी वाट बघू नगं, हो म्होरं." ती गेली.

मी शाळेत पोचले तेव्हा ती वर्गात लिहीत होती. दहाच मिनिटं उशीर झाला होता म्हणे. मी मुख्याध्यापकांपुढं पास ठेवला.

"याला काय झालं?"

"पूजा केली."

मला वाटलं, आता हे ओरडतील, दंड सांगतील. त्यांनी फुंकर मारून पासावरचं कुंकू झटकलं. मग म्हणाले, "दुसरा फोटो आहे?"

"घरी हाय."

"उद्या पाठवा." त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि तिच्यावर शिक्का मारला. नवा पास येईपर्यंत गाडीत हीच दाखवायची.

"पैसं किती?"

"कशाचे?"

"चूक माजी हाय."

"असू दे. पास मुलीचा आहे. तुम्ही फक्त त्याला पाणी लावू नका."

मी चिठ्ठी घडी करून कनवटीला लावली. आमच्याकडं भाकरी करपली तरी वर्षभर ऐकावं लागतं. इथं सरकारी कागदाची मी वाट लावली, आणि तरी तिची जागा कुणी काढून घेतली नाही.

संध्याकाळी सासऱ्यांनी विचारलंच. "तिकीट काढलं का?"

"न्हाई."

"मंग पोचली कशी?"

"पळत."

त्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. "येडीच हायस," एवढंच म्हणाले. अट त्यांची होती आणि ती मोडलेली नव्हती.

पोर पुढं दहावीपर्यंत त्याच गाडीनं गेली. निकालाच्या आधीच्या थंडीत सासरे वारले. चुलत दीर तर त्यांच्याही आधी गेला होता. ती दहावी पास झाली हे ऐकायला तिचा बाप होता, ती होती आणि मी होते.