मेणाची फुली

नोलीन हॅगर्टच्या डोक्यावर आजवर किती बाटल्या, फुलदाण्या आणि ताटं फुटली हे तिलासुद्धा सांगता येणार नाही. सीव्ह्यूमधल्या आमच्या शेडमध्ये आम्ही सिनेमासाठी लागणाऱ्या वस्तू करतो, आणि तिथे तिने पाडलेला एक रिवाज आहे. कुणाच्या डोक्यावर फोडायची वस्तू असली, की त्या खेपेतली पहिली वस्तू करणाऱ्याने स्वतःच्या डोक्यावर फोडून घ्यायची. मगच बाकीच्या शूटिंगला जायच्या. करणारे आम्ही दोघं, पण टोपी काढून स्टुलावर बसायची ती नेहमी नोलीन. माझी मान त्या दिवशी हमखास धरलेली असायची. नऊ वर्षांत मी एकदाही डोकं पुढे केलं नव्हतं.

“राहू दे, फर्गस,” ती म्हणायची. “पोकळ वस्तू पोकळ वस्तूवर आपटून काय कळणार आहे?”

ती एकसष्ट वर्षांची, ठेंगणी, हाताची बोटं जाड आणि जीभ तिखट. सतराव्या वर्षी पेटोनीला कवळ्या करणाऱ्याकडे कामाला लागली आणि वीस वर्षं तिने निम्म्या हट खोऱ्याला दात बसवून दिले. मग कुणा सिनेमावाल्याला समुद्री चाच्यांसाठी किडके दात हवे होते. नोलीनने चाळीस तोंडं किडवून दिली, आणि परत काही चांगले दात करायला गेली नाही. पण त्या धंद्याच्या दोन सवयी तिच्या अंगात राहिल्या. एक म्हणजे वस्तू कशाची आहे असा संशय आला, की ती स्वतःच्या पुढच्या दातावर हलकेच टेकवून बघायची. चिनी मातीचा दात आणि प्लास्टिकचा दात कवळीवाले असाच ओळखतात. डोळा फसतो, बोट फसतं, दात फसत नाही, असं तिचं म्हणणं.

दुसरी सवय फुलीची. फोडायची वस्तू खऱ्या वस्तूसारखी हुबेहूब दिसली पाहिजे, म्हणून तिच्या तळाला फुली असते. फुली असेल तर मारा, नसेल तर हात लावू नका, एवढं सेटवरच्या माणसाला कळलं की पुरे. आता रबराच्या साच्यात फुली कोरायला गेलं तर रबर फाटतं. म्हणून नोलीन दात कोरायच्या जुन्या यंत्राने खऱ्या वस्तूच्याच तळाला फुली कोरायची आणि मग साचा घ्यायची. त्यातून निघणाऱ्या प्रत्येक नकलेवर फुली आपोआप यायची. खऱ्या वस्तूवरची फुली मागाहून ती त्याच रंगाच्या मेणाने बुजवून टाकायची. हे मेणाचं तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी सोन्याच्या खाणींच्या काळातला एक सिनेमा आमच्याकडे आला. गुत्त्याची मालकीण एका धटिंगणाच्या डोक्यात दारूचा मातीचा बुधला घालते, असा प्रसंग होता. नटाच्या जागी मार खाणार होता इसिकेली. तो टोंगा बेटांवरचा, दारातून वाकून यावं लागेल इतका उंच, आणि पडणं, जळणं, मार खाणं हाच त्याचा धंदा. आमच्याकडे आला की नोलीनच्या बिस्किटांचा डबा रिकामा करून जायचा.

“तुला भीती नाही का रे वाटत?” मी त्याला एकदा विचारलं होतं.

“दुसऱ्यांच्या वस्तूंची वाटते,” तो म्हणाला. “आंटीची फुली असली की मी डोळे मिटतो.”

नोलीनने ते ऐकलं आणि डब्यातलं शेवटचं बिस्कीट त्याला दिलं. एरवी शेवटचं बिस्कीट ती कुणाला देत नसे.

बुधल्यांवर तिने तीन आठवडे घालवले. पहिली नक्कल फार हलकी झाली होती. नटीच्या हातात रिकामा डबा असल्यासारखं वाटतं, अशी दिग्दर्शकाची तक्रार आली. मग नोलीनने राळेत दगडाची पूड मिसळून मिसळून वजन असं जुळवलं, की खरा बुधला एका हातात आणि नकली दुसऱ्या हातात घेऊन मी दोनदा चुकलो. तिला फार आनंद झाला. नऊ नकला झाल्या, त्यांतली एक रिवाजाप्रमाणे बुधवारी तिच्या डोक्यावर फुटली. उरलेल्या आठ, आणि दारू ओतण्याच्या दृश्यासाठी खरा बुधला, असे नऊ नग बांधायचे होते.

“खरा जरा पुसून ठेव,” ती म्हणाली आणि घरी गेली.

मी तो पुसला नाही, धुतला. साच्याचा तेलकटपणा होता म्हणून चांगल्या कढत पाण्यात, साबण लावून. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते खोटं नाही.

गुरुवारी सकाळी माल गेला. अकरा वाजून गेल्यावर मी चहाची भांडी धुवायला गेलो, तर मोरीच्या जाळीत काहीतरी अडकलं होतं. नखाने काढलं. बोटाच्या पेराएवढी, तपकिरी, मऊ अशी एक फुली होती.

“नोलीन, हे काय आहे?”

तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला. माझ्या तळहाताकडे बघितलं. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“तू बुधला धुतलास?”

“हो.”

“गरम पाण्यात?”

“हो. का?”

“गाडी काढ,” ती म्हणाली.

काय झालंय ते तिने मला गाडीत सांगितलं. नऊच्या नऊ बुधल्यांना आता फुली होती. त्यांतला एक भट्टीत भाजलेल्या मातीचा, अंगठ्याएवढ्या जाडीचा होता, आणि तो कुठला हे सेटवर कुणालाच कळणार नव्हतं. उलट फुली बघून ते बेधडक तोच उचलतील. शूटिंगच्या वेळापत्रकात बुधल्याचा प्रसंग एक वाजता होता. शूटिंग घाटापलीकडे, वाइरारापाच्या किनाऱ्यावरच्या एका मेंढ्यांच्या कुरणात होतं. दीड तासाचा रस्ता, आणि घड्याळात अकरा पस्तीस.

तिथे मोबाइलला रेंज नव्हती. नोलीनने सिनेमा कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, सेटवर एकच सॅटेलाइट फोन आहे, पण तो कुणी उचलत नाहीये.

“उचलेपर्यंत लाव,” नोलीन म्हणाली. “थांबू नकोस. ग्रेमला सांग, एकाही बुधल्याला हात लावायचा नाही. हेच शब्द सांग.” ग्रेम म्हणजे सेटवर वस्तू सांभाळणारा.

रेमुटाका घाटात वारा गाडीला ढकलत होता आणि आमच्यापुढे लाकडं भरलेला ट्रक होता. वळणामागून वळण, ओलांडायला जागा नाही. मी दोनदा गाडी बाहेर काढायला गेलो, दोनदा समोरून दुसरी आली. 

“आपल्याला तिथे पोचायचंय, दरीत नाही,” नोलीन म्हणाली.

“मला सांगायचंस तरी की मेण आहे म्हणून,” मी तडकलो. “नऊ वर्षं एका मोरीवर उभे राहतोय आपण.”

“मी पुसायला सांगितलं होतं.”

“म्हणजे माझीच चूक.”

“मी तसं म्हटलं का? तू रस्त्याकडे बघ.”

खरं सांगायचं तर तिला बोलून मला स्वतःची भीती दडवायची होती. इसिकेलीचं ते मोठं डोकं आणि मिटलेले डोळे समोरून जात नव्हते. ती मेणाची फुली नोलीनने मुठीत धरून ठेवली होती. पलीकडच्या गावात उतरलो तेव्हा मूठ उघडून बघते तर तिचा नुसता गोळा झाला होता.

एक वाजून दहा मिनिटांनी कुरणाच्या फाटकाशी पोचलो. तिथून पुढे चालत. तंबूंपासून शंभर पावलांवर केशरी जाकीट घातलेल्या एका बाईने दोन्ही हात पसरून आम्हाला अडवलं.

“कॅमेरा चालू आहे. थांबा.”

“बुधल्याचा प्रसंग?”

“हो. आवाज नको.”

“थांबवायला सांग. धोका आहे.”

“शॉट चालू असताना मी रेडिओवर बोलू शकत नाही,” ती कुजबुजली. “एक मिनिट फक्त.”

तेवढ्यात आतून बाईच्या ओरडण्याचा आवाज आला, आणि मग काहीतरी फुटल्याचा. त्यापाठोपाठ जड माणूस फळ्यांवर पडल्याचा. आणि मग काहीच नाही. नोलीनने माझा दंड पकडला. तिची नखं रुतली ते मला संध्याकाळी कळलं. किती वेळ गेला असेल देव जाणे, दहा-बारा सेकंदच असतील. मग आतून कुणीतरी हसलं, आणि इसिकेलीचा आवाज आला.

“केसात गेली सगळी पूड. अजून एकदा करायचं का?”

“लगेच करू,” दुसरा कुणीतरी म्हणाला. “ऊन आहे तोवर. ग्रेम, दुसरा दे.”

फुटला होता, म्हणजे तो नकली होता. उरले आठ.

केशरी जाकिटवाली रेडिओ तोंडाशी नेऊन सांगू लागली, पण तिच्या सांगण्याआधीच आतून शांततेची हाक आली आणि तिने पुन्हा हात पसरले. नोलीन तिच्या हाताखालून वाकून गेली. चोवीस वर्षांत या बाईने कधी कुणाचा शॉट मोडला नव्हता. कॅमेरा चालू असताना शिंक आली तर ती स्वतःची बाही चावायची. आता ती चिखलाच्या बुटांनी सरळ कॅमेऱ्यासमोरून चालत गेली. गुत्त्याची मालकीण झालेली थिया बुधला डोक्यावर उचलून उभी होती. तिच्यापुढे इसिकेली पाठ करून, डोळे मिटून.

नोलीनने थियाच्या हातातून बुधला काढून घेतला.

दिग्दर्शक काय काय बोलला ते इथे लिहीत नाही. ग्रेम धावत आला. “अगं, बघितलाय मी तळ. फुली आहे त्याला.”

“सगळ्यांनाच आहे,” नोलीन म्हणाली. “किती आले होते?”

“नऊ.”

“फोडायच्या नकला मी आठच दिल्या होत्या.”

“मला वाटलं, एक जास्तीचा दिलास,” ग्रेम म्हणाला. “बिनफुलीचा सापडेना, म्हणून मघाशी दारू ह्यांतल्याच एकातून ओतली.” मग त्याने नोलीनच्या हातातल्या बुधल्याकडे बघितलं.

नोलीनने बुधल्याची कड पुढच्या दातावर टेकवली. एकदा, दोनदा. मग ती गुत्त्याच्या छपराला आधार दिलेल्या लाकडी खांबाजवळ गेली आणि दोन्ही हातांनी बुधला त्यावर हाणला. खांबाचा टवका उडाला. बुधला तसाच राहिला.

कुरणातल्या मेंढ्या तेवढ्या ओरडत होत्या. इसिकेलीने हात मागे नेऊन आपलं डोकं, मानेच्या वरचा भाग, सावकाश चाचपला.

“चूक माझी आहे,” नोलीन म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. खऱ्या वस्तूवर खूण आपण कोरली, ती मेणाने बुजवायचा आपला जुना प्रकार होता, तो धोक्याचा आहे हे आपल्याला आधी कळायला हवं होतं. माझं नाव तिने घेतलं नाही. मी मागे उभा होतो आणि गप्प राहिलो असतो तर कुणाला कधीच कळलं नसतं. तसं राहावं असं मला वाटलंही, खोटं कशाला बोलू.

“मी तो गरम पाण्याने धुतला,” मी म्हणालो. “पुसायला सांगितला होता.”

इसिकेली आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

“उरलेले सात?” त्याने विचारलं.

नोलीनने सातही एकेक करून त्याच्यासमोर दातावर तपासले. प्रत्येकाला मान हलवली. तरी तो जागचा हलेना.

“आंटी, तुझ्या दातावर माझा विश्वास आहे,” तो म्हणाला. “पण मघापर्यंत फुलीवरही होता.”

नोलीनने टोपी काढली आणि गुत्त्यातलं स्टूल ओढलं. मी ते तिच्या हातातून घेतलं. मान धरली आहे, असं म्हणायला तोंड उघडलं असतं तर तिथल्या तिथे मेलो असतो. बसलो.

“कुठला?” थियाने विचारलं.

“इसिकेलीला निवडू दे,” मी म्हणालो.

त्याने निवडला. इसिकेली मागे उभा असल्याचं मला जाणवत होतं, थियाचा श्वास ऐकू येत होता. नोलीनचा दात चुकला असेल तर, एवढाच विचार डोक्यात होता. मी डोळे घट्ट मिटले. मिटल्यावर कळलं की इसिकेली भीती नसते म्हणून मिटतो, मी भीतीने मिटले होते. मग डोक्यावर कुणीतरी चापट मारल्यासारखं झालं आणि कॉलरमध्ये पूड शिरली. एवढंच. नऊ वर्षं मी एवढ्याला घाबरत होतो.

शॉट झाला. इसिकेली जागेवर उभा राहिला, थियाने बुधला हाणला, तो फुटला, इसिकेली पडला. दिग्दर्शक खूश झाला. हा पहिल्यापेक्षा सरस, म्हणाला, पडताना त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळं होतं. पुढे सिनेमा लागला तेव्हा लोकही तेच म्हणाले.

परतताना घाटात वारा पडला होता. अर्ध्या वाटेपर्यंत नोलीन खिडकीबाहेर बघत होती. मी म्हणालो, “झालं ना सगळं नीट. कुणाला काही लागलं नाही. त्याने जाताना बिस्किटंसुद्धा मागितली.”

“हो,” ती म्हणाली. “बघितलंस तू? शेवटच्या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत.”