डंकवाल्या आजोबांचे अठरा डबे

मागच्या मे महिन्यात आजीकडची सुट्टी संपवून तुम्ही दोघं परत गेलात आणि दिवाणाखाली तुमच्या प्लॅस्टिकच्या, एकमेकांत बसणाऱ्या ठोकळ्यांची पिशवी राहिली. तुमच्या आईला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, "देऊन टाक कुणाला तरी." मी ती पिशवी माझ्या दातांच्या डॉक्टरणीकडे नेली. तिच्या टेबलावर ठोकळ्यांचं एक दीपगृह होतं, त्यावरून मला वाटलं की तिच्या घरी लहान मूल असेल. मूल नव्हतं. दीपगृह तिनं स्वतःसाठी बांधलं होतं.

"काकू, हे कुणाला देऊ नका," ती म्हणाली. "रविवारी इकडेच घेऊन या."

तिचा दवाखाना दादरला आहे आणि रविवारी बंद असतो. त्या दिवशी बाहेरच्या खुर्च्या भिंतीला लावतात आणि आठ-दहा मोठी माणसं ठोकळे पसरून बसतात. बहुतेक चाळिशी-पन्नाशीची, नोकरी-धंद्यातली. पहिल्या रविवारी मला फार अवघडल्यासारखं झालं. चहा येईपर्यंत मी नुसती पर्स मांडीवर घेऊन बसले होते. मग तुमच्याच पिशवीतले ठोकळे काढून आपल्या इमारतीचा जिना करायला घेतला, आणि साडेबारा कधी वाजले ते कळलं नाही. त्यानंतर एकही रविवार चुकवलेला नाही.

तिथंच मला डंकवाले आजोबा भेटले. त्यांना मी हे नाव तुमच्यासाठी दिलंय. समोर मी त्यांना भाऊ म्हणते आणि ते मला बाई म्हणतात. मी शाळेत शिकवत असणार असं त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते हे त्यांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "तेच ते."

ते लालबागचे. तिथं मसाल्याच्या दुकानांत डंक असतात. डंक म्हणजे कुटण्याचं यंत्र: लोखंडी मुसळांची एक रांग, खाली उखळं, आणि मागे फिरणारा दांडा, जो एकेक मुसळ उचलतो आणि सोडतो. आजोबांनी चाळीस वर्षं असा डंक चालवला. आता त्यांना ठोकळ्यांचा डंक बांधायचा होता, हँडल फिरवलं की सहा मुसळं पाळीपाळीनं वरखाली होतील असा. डिसेंबरात दादरच्या एका हॉलमध्ये आमच्या मंडळींचं दोन दिवसांचं प्रदर्शन होतं, तिथं तो मांडायचा होता.

घाई होती ती डोळ्यांची. आजोबांना काचबिंदू आहे. समोरचं थोडं दिसतं, बाजूचं काहीच नाही, आणि रंग सगळे चहात बुडवून काढल्यासारखे दिसतात, असं ते सांगतात. डॉक्टरांनी त्यांना साफ सांगितलंय की गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती किती दिवस राहील ते बघायचं. ते स्वतः एवढंच म्हणाले, "यंदा होतंय तर यंदाच करू या."

नुसत्या रविवारांवर काम पुरं होणार नव्हतं. इतर दिवशी दवाखाना चालू. माझं घर तळमजल्यावर, जेवणाचं टेबल सहा माणसांचं आणि जेवणारी मी एकटी. म्हणून त्यांचे ठोकळ्यांचे डबे माझ्याकडे आले. श्रीखंडाचे रिकामे डबे, अठरा. रोज तीन वाजता त्यांची सून त्यांना दाराशी सोडायची आणि सहाला घेऊन जायची. मधले तीन तास ते बांधायचे आणि मी माझा जिना बांधायचे. फारसं बोलणं होत नसे. मला ते दिवस आवडत होते.

एका बुधवारी त्यांना डोळ्यांच्या तपासणीला जायचं होतं, म्हणून ते आले नाहीत. मी सहज एक डबा उघडला. आत लाल, पिवळे, काळे, पांढरे, सगळे रंग एकत्र. दुसऱ्यातही तेच. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तुमचे मोजेसुद्धा मी रंगावर लावून ठेवायचे. मला वाटलं, बिचाऱ्यांना आधीच दिसत नाही, त्यात हा गोंधळ. अठराच्या अठरा डबे बादलीत रिकामे केले, ठोकळे कोमट साबणाच्या पाण्यात धुतले, गॅलरीत जुन्या चादरीवर वाळत घातले आणि संध्याकाळपर्यंत रंगवार लावले. लाल एकीकडे, निळे एकीकडे. इंग्रजीत ठळक अक्षरांत लेबलं केली. डबे इतके देखणे दिसत होते की मी त्यांचा फोटो काढून तुमच्या आईला पाठवला. तिनं अंगठा पाठवला.

गुरुवारी आजोबा आले, बसले, आणि न बघता उजवीकडच्या पहिल्या डब्यात हात घातला. बोटं आत थांबली. मग दुसऱ्या डब्यात. मग तिसऱ्या.

"बाई," ते म्हणाले, "ही रंगपंचमी कोणी केली?"

"मी केली. जरा नीट लावले. धुतलेसुद्धा."

"वास येतोय साबणाचा." त्यांनी आणखी एका डब्यात बोटं फिरवली. "छान धुतलात."

मी विचारलं, "काही चुकलं का?"

"नाय हो. तुम्ही चांगल्या मनानं केलात." आणि मग हात रुमालाला पुसून म्हणाले, "सुनेला फोन लावा जरा. आज नको बसायला. बघू, पुढल्या वर्षी करू."

पुढल्या वर्षी म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. प्रदर्शनाला नऊ दिवस उरले होते.

ते गेल्यावर मी डॉक्टरणीला फोन केला. ती आधी हसली, मग आजोबांचं कामच थांबलंय हे तिला एकदम कळलं.

"काकू, रंगावर लावायची चूक आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदा केलीय," ती म्हणाली. "पण दुसऱ्याचे, आणि तेही धुवून, असं फक्त तुम्हीच केलंत."

"अगं, पण रंगावर लावले तर बिघडलं काय?"

"लाल ढिगात एक बारीक लाल तुकडा शोधून बघा. डोळे फुटतील. सारख्या आकाराच्या ढिगात रंग चटकन दिसतो. म्हणून आम्ही आकारावर लावतो. आणि त्यांना तर रंगाचं काही पडलेलंच नाही. ते बोटांनी ओळखतात."

तीस वर्षं मी पुस्तकं विषयवार लावली. पुठ्ठ्याच्या रंगावर पुस्तकं लावणाऱ्या माणसाला मी काय म्हणाले असते, ते इथं लिहीत नाही.

शुक्रवारी सकाळी मी आजोबांना फोन केला. "भाऊ, पहिल्या डब्यात काय होतं?"

"सोडा ना आता."

"सोडत नाही. पहिल्या डब्यात काय?"

मग म्हणाले, "धणे."

मला वाटलं ते चिडून काहीतरी बोलतायत. पण ते खरंच सांगत होते. आमच्या ठोकळ्यांच्या डोक्यावर बारकी बटणं असतात, त्यावर दुसरा ठोकळा बसतो. दोन बटणांचा छोटा ठोकळा म्हणजे त्यांचे धणे. लांब ठोकळे म्हणजे मिरच्या. एका बटणाचा गोल दाणा ही मिरी, जोडायची खिळी ही लवंग, लांब दांडी ही दालचिनी, पातळ पट्टी हे तमालपत्र आणि दात्यांचं चाक हे चक्रीफूल. डबे मांडले होते तेही दुकानात मसाला वजन करताना ज्या क्रमानं जिन्नस घेतात त्याच क्रमानं. चाळीस वर्षं त्यांचा हात त्याच क्रमानं फिरत आला होता.

"आणि आठव्यात?" मी लिहून घेत होते.

"दगडफूल. ते वाकडेतिकडे कोपऱ्याचे तुकडे असतात ना, ते."

"आणि कशातच न बसणारे?"

"ते शेवटच्या डब्यात. गरम मसाला."

ठोकळे पुन्हा लावायला मी पंचा डोळ्यांवर बांधून बसले. उघड्या डोळ्यांनी मी पुन्हा रंगाच्या नादी लागले असते. सुरुवातीला धणे आणि मिरी यांतला फरकही बोटांना कळेना. दुपारपर्यंत कळायला लागला. शनिवारी डॉक्टरीण दोन तास येऊन बसली, तिनंही डोळ्यांवर तिची ओढणी बांधली. दूधवाला बिलाला आला तो आम्हा दोघींना बघून काही न विचारता परत गेला. इंग्रजी लेबलं काढून टाकली आणि प्रत्येक झाकणावर आतल्या जिन्नसाचा एकेक तुकडा चिकटवला, म्हणजे डबा जागेवरून हलला तरी बोटाला कळावं.

रविवारी दवाखान्यातली मंडळी उठल्यावर आजोबा माझ्याकडे आले. खुर्चीत बसून त्यांनी अठरा झाकणांवरून हात फिरवला. तिसऱ्यावर थांबले.

"लवंगेच्या आधी मिरी, बाई."

मी दोन डबे बदलले. त्यांनी पहिलं झाकण उघडलं आणि कामाला लागले.

त्या आठवड्यात ते सकाळीच यायचे आणि माझ्याकडेच जेवायचे. माझ्या आमटीत तिखट नाही असं त्यांनी रोज सांगितलं. गुरुवारी सहापैकी पाच मुसळं चालायला लागली. सहावं अडकत होतं. त्यांनी कान जवळ नेला, हँडल हळू फिरवलं आणि म्हणाले, "चाक एक दात पुढे बसलंय." ते काढलं, मागे घेतलं, बसवलं. शुक्रवारी संध्याकाळी सहाही मुसळं चालली. रंग म्हणाल तर एक मुसळ हिरवं, दोन गुलाबी, बाकीची काहीही.

प्रदर्शनात डंकापाशी सगळ्यांत जास्त गर्दी होती ती बायकांची. एकीनं मुलाला ओढून आणलं आणि सांगितलं, "बघ, आजी मसाला कुटून आणते ना, ते हे." दुसरीनं विचारलं, "काका, हा तुम्ही एकट्यानं केलात?"

"मी बांधला," आजोबा माझ्याकडे हात करून म्हणाले. "त्याआधी ह्या बाईंनी मोडला."

एक वाजता सून त्यांना जेवायला घेऊन गेली. जाताना त्यांनी माझा हात धरून हँडलवर ठेवला.

"हळू फिरवा. जोरात कुटला तर मसाल्याचा वास उडतो."

ते परत येईपर्यंत मी हळू फिरवत होते.