तात्यांची रम आणि माझं पाचटाचं पेट्रोल

हसणार तुम्ही, मला माहीत आहे. हसा! पण आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल.

पेट्रोल कडाडलं होतं तेव्हाची गोष्ट. मी कराडच्या कॉलेजातून नुकता बी.एस्सी. झालेलो आणि आमच्या शिवारात लोक उसाचं पाचट खुशाल पेटवून देत होते. माझा नुसता जळफळाट व्हायचा. अहो, त्या वाळक्या पानांत साखर दडलेली असते! तिला धरून ठेवणारा चिकटा एखाद्या स्वस्त द्रावकानं सोडवायचा, साखर आंबवायची, की झालं इंधन!

माझे चुलते तात्या, फौजेतले निवृत्त सुभेदार. रविवारी त्यांचे जुने मेजरसाहेब स्टेशनावर उतरणार होते आणि तात्यांची फटफटी पेट्रोलवाचून उभी.

"तात्या, पाचटावर पळवतो!" मी छातीठोकपणे सांगितलं. तात्यांनी विश्वास ठेवला. बिचारे!

द्रावक म्हणून स्पिरिट हवं. त्याला परवाना लागतो. क्रांती काय परवान्यासाठी थांबणार? काकींना विचारलं, तर त्यांनी तात्यांच्या ट्रंकेतल्या मिलिटरी रमच्या बाटल्याच काढून दिल्या. "ने बाबा, घरातनं जाऊ दे ही पीडा!"

फुकटचं द्रावक! आणखी स्वस्त ते काय असणार?

बंद पडलेल्या गुऱ्हाळात चूल पेटवली. पातेल्यात पाचट, वर सगळी रम, आणि आंबटपणा हवा म्हणून लिंबं पिळली. वास असा सुटला म्हणता! अर्धं गाव तांब्या घेऊन हजर. गुऱ्हाळावर आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, ही आमच्याकडची रीत ना!

"अहो, ही दारू नाही! इंधन आहे, इंधन!"

"मग वत की रं. आमचंबी इंजन लय दिस बंद हाय," म्हातारे बापूअण्णा तांब्या पुढं करत म्हणाले.

गलका ऐकून तात्या आले. वास घेतला आणि जागीच थबकले.

"ही माझी रम?"

"द्रावक आहे, तात्या. हिच्यानं पाचट फुटतं, त्यातून साखर, साखरेपासून अल्कोहोल..."

"म्हंजी दारू वतून दारू काढायची?"

मी वाकून चुलीतली लाकडं मागं ओढू लागलो.

"किती निघाली?"

झाकण काढलं. रम वाफ होऊन कधीच उडालेली. तळाशी काळं पाणी, आणि पाचट जसंच्या तसं!

"आरं, सायबांसाठी वरीसभर तोंड बांधून राखली हुती मी!"

रविवारी साहेब बैलगाडीतून आले. संध्याकाळी तात्यांनी त्यांच्यापुढं दुधाचा पेला ठेवला. साहेबांनी पेल्यात बघितलं, मग तात्यांकडं. तात्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"पुतण्या हाय, सायेब. शास्त्रज्ञ! फटफटीत पेट्रोल नव्हतं तेच बरं झालं, न्हाईतर त्याचंबी पाणी केलं असतं गड्यानं!"