तीन गाड्यांनी गेलेली बातमी

लातूर जिल्हा नवा होता आणि पाऊस नव्हता, त्या काळात मी नांदेडच्या एका दैनिकाचा लातूरचा वार्ताहर होतो. ट्रंक कॉल लागायला अर्धा दिवस जाई, लागला तरी मध्येच तुटे. म्हणून बातमी लिहून लिफाफ्यात घालायची आणि अहमदपूरमार्गे जाणाऱ्या दुपारच्या एस.टी.च्या ड्रायव्हरकडे द्यायची. नांदेडच्या स्थानकावर आमचा शिपाई ती उतरवून घेई.

त्या स्थानकाच्या कँटीनमध्ये दुसऱ्या एका पेपरचा वार्ताहर बसलेला असे. आमचा शिपाई पोचण्याआधी तो "पेपरचं द्या" म्हणून लिफाफा मागून घेई, बातमी उतरवून काढी, लिफाफा पुन्हा चिकटवी आणि आमच्या कचेरीत स्वतः नेऊन देई. "तुमचं टपाल पडून होतं," असं वर सांगे. सकाळी दोन्ही पेपरांत एकच बातमी.

एका ड्रायव्हरने हे मला सांगितलं. मी संपादकांना कळवलं. त्यांचा विश्वास बसला नाही. "तो भला माणूस स्वतः लिफाफा आणून देतो. तुम्हीच बातमी दोन ठिकाणी देऊन राहिलात," ते म्हणाले. आणखी एकदा असं झालं की काम बंद, हेही त्यांनी सांगितलं. काम वाचवणं मला भाग होतं. पण तेवढ्यावर माझं समाधान होणार नव्हतं. त्या माणसाचंही काम जायला हवं होतं.

त्याच सुमारास जिल्हा कचेरीच्या गच्चीवर उपग्रहाशी जोडणारी मोठी पांढरी छत्री बसली आणि खाली एका खोलीत संगणक आला. हैदराबादहून आलेला अधिकारी पत्रकारांना तो दाखवत होता. टँकरची तक्रार घेऊन आलेले औसा तालुक्यातले एक सरपंचही आमच्यात येऊन उभे राहिले.

"साहेब, ह्या छत्रीत पाणी पडतंय का?"

"नाही काका, माहिती पडते."

"आमच्याकडं माहिती लई हाय. टँकर पाठवा."

हसणं थांबल्यावर अधिकाऱ्याने समजावलं. फोनवर दोन माणसांसाठी सगळी वाट अडवून ठेवावी लागते. अमेरिकेत लष्कराच्या पैशावर विद्यापीठांतल्या लोकांनी दुसरी रीत काढली. मजकुराचे तुकडे करायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, जी वाट मोकळी असेल तिने तो पाठवायचा. तुकडे मागेपुढे पोचले तरी चालतात, पलीकडचं यंत्र ते क्रमाने लावतं. एखादा हरवला तर तेवढाच पुन्हा मागवतं.

"मधल्या वाटेवर कुणी एक तुकडा उचलला तर?" मी विचारलं.

"त्याला तेवढाच कळेल."

बाहेर आल्यावर सरपंचांनी तक्रार सांगितली. गावाचा टँकर एका बागाईतदाराच्या विहिरीत रिकामा होत होता. मी जाऊन पाहिलं आणि बातमीचे तीन भाग केले. पहिल्यात फक्त बागाईतदाराचं म्हणणं: गावांसाठी मी माझी विहीर खुली केली आहे. दुसऱ्यात गावकऱ्यांचं. तिसऱ्यात टँकरच्या ड्रायव्हरची कबुली आणि मी पाहिलेलं.

बातमीचं सार हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर द्यायचं, म्हणजे जागा कमी पडली तर खालचा मजकूर कापता येतो, असा आमच्या धंद्याचा शिरस्ता. तो कँटीनमधल्या त्या वार्ताहरालाही ठाऊक होता. पान संपलं की तळाशी 'पुढे चालू' लिहायचं असतं. ते मी लिहिलं नाही.

पहिला भाग नेहमीच्या गाडीने गेला, दुसरा परभणीमार्गे, तिसरा उदगीर-देगलूरमार्गे. त्या दोन गाड्यांवर त्याची नजर नसे. संपादकांना ट्रंक कॉलवर क्रम सांगितला. "तिन्ही आल्याशिवाय छापू नका. आणि उद्या त्याचा पेपर बघा."

दुसऱ्या दिवशी त्याच्या पेपरात बागाईतदाराच्या औदार्याची बातमी ठळक आली, खाली वार्ताहर म्हणून त्याचं नाव. संपादकांचा फोन आला. त्यांनी तो पेपर पाहिला होता. म्हणाले, "देगलूरकडचं अजून आलं न्हाई." गाडी वाटेत बंद पडली होती. माझ्याकडे कार्बन प्रत होती. तेवढाच भाग मी पुन्हा पाठवला. त्याच्या पुढच्या दिवशी आमच्याकडे बातमी पूर्ण छापून आली.

सरपंच गावातल्या बायकांना रिकाम्या घागरींसह घेऊन त्या पेपरच्या कचेरीत गेले. "खुली विहीर कुठं हाय ते दाखवा," एवढंच त्या म्हणत होत्या. मालकाने त्याला त्याच दिवशी काढलं.

तो लातूरला आला. स्थानकासमोरच्या हॉटेलात माझ्यासमोर बसला.

"भाऊ, लेकरंबाळं हायत. मालकाला एवढं सांगा की तुमचा कागद चुकून माझ्याकडं आला."

"सांगतो. तो कसा आला, तेही सांगू का?"

"तुम्ही मुद्दाम अर्धी पाठवली."

"तुम्हाला मी काहीच पाठवलं नव्हतं."

चहा तसाच ठेवून तो उठला. पुढे कुठल्याही पेपरने त्याला घेतलं नाही. धर्माबादला आडतीवर बसतो, असं नंतर कळलं. ऐकून मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.