मंदाताईंनी विकलेली होडी

मंदाताई वैती कोणालाही घड्याळाची वेळ देत नसत. "भरती लागली का या," एवढे सांगून फोन ठेवत. मी विधी खात्यात हयात घालवलेला मनुष्य. वेळ म्हणजे लेखी वेळ, असे मानणारा. नेरूळच्या आमच्या सोसायटीत त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहत. पहिल्याच भेटीला मी पाणी उतरल्यावर पोहोचलो, तेव्हा दारातच त्यांनी ऐकवले, "कायदेसाहेब, खाडी समोर हाय. मंग डोले कशाला दिलं देवानं?"

त्यांचा जन्म जवळच्याच सारसोळे गावचा, कोळ्याच्या घरचा. शाळेत विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतर एकच विज्ञान कादंबरी लिहिली. तिच्यात समुद्रातून वीज खेचणारे एक अजस्र यंत्र भरती-ओहोटीच थांबवते. शहर लखलखते, खाडी मरते. ते यंत्र कसे बंद करावे, हे सारसोळ्याची चांगुणा ही तरुण वैज्ञानिक शास्त्रज्ञांच्या भर सभेत सिद्ध करून दाखवते, तेही कोळीवाड्याच्या बोलीत. "सभेत तरी प्रमाण मराठी हवी होती," असे मी म्हणालो होतो. मंदाताईंनी चष्म्यावरून पाहिले. "का? गनित फकस्त पुन्यालाच कलतं?"

या कादंबरीवर एक चित्रपट निघाला. त्याचे नाव लिहून मी त्याची जाहिरात करणार नाही. मंदाताईंनी सोसायटीतल्या सगळ्या बायकांना वाशीच्या चित्रपटगृहात नेले; त्यांच्या आग्रहाने मीही गेलो. पडद्यावर परदेशातून आलेला नायक मुठीने यंत्र फोडत होता. चांगुणा होती, पण ती त्याची मोलकरीण होती. ती प्रयोगशाळेत बोंबलांची टोपली सांडायची, "आगं बाय बाय" म्हणायची आणि प्रेक्षक खदखदून हसायचे. चांगुणाचा तो सिद्धान्त नायकाने इंग्रजीत मांडला. शेजारच्या खुर्चीवरून देशमुखबाई कौतुकाने म्हणाल्या, "मंदाताई, किती कॉमेडी लिहिलीत हो तुम्ही! आम्हाला माहीतच नव्हतं!"

मंदाताई उठल्या नाहीत. शेवटी 'मूळ कथा' या शब्दांखाली त्यांचे नाव आले, बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या संपेपर्यंत त्या मान खाली घालून बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर दिग्दर्शकाला फोन लावला. त्या उमद्या तरुणाचा आवाज मलाही ऐकू येत होता. "मॅडम, टेन्शन नका घेऊ. तुमचं नाव आम्ही प्रेमाने टाकलंय."

"मंग प्रेमानंच पुसून टाक, बाला."

"अहो, पण राइट्स तुम्ही विकलेत ना?"

"माज्या बापानं होडी इकली व्हती," मंदाताई शांतपणे म्हणाल्या. "घेनाऱ्यानं ती फोडली का रंगवली, बापानं बगितला नाय. पन देताना होडीवरचा माज्या आयचा नाव आदी खरवडला. मंगच दोरी हातात दिली. आमच्यात तशीच देतात."

त्याने फोन ठेवला.

करार मी वाचला होता. कथा बदलण्याची मुभा निर्मात्यांना होती, हे मंदाताईंनाही ठाऊक होते आणि त्याबद्दल त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. परंतु लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी विकृती झाली, तर हरकत घेण्याचा अधिकार हक्क विकल्यानंतरही लेखकाकडेच राहतो. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, या देशाचा कायदा आहे. नाव काढा, अशी पत्रे मी निर्मात्यांना लिहिली, मंदाताईंनी सह्या केल्या. उत्तरे आली ती 'आपल्या भावनांचा आदर आहे' अशा मजकुराची. भावनांचा प्रश्न कोणी विचारला होता? एका वैज्ञानिक स्त्रीचा विदूषक केला आणि त्या कृत्याखाली जिने ते केलेच नाही तिचे नाव लावले, याला माझ्या भाषेत बनावट म्हणतात.

नोटीस तयार होती. सहीसाठी वर गेलो, तेव्हा भरती लागली होती. म्हणजे मी वेळेवर होतो. दार मंदाताईंच्या भाच्याने उघडले. पहाटे झोपेतच गेल्या, म्हणाला.

काही आठवड्यांनी तो चित्रपट घरोघरी मोबाईलवर दिसू लागला. आता आरंभीच पडदाभर मंदाताईंचे छायाचित्र येते आणि खाली मोठ्या अक्षरांत त्यांचे नाव: 'यांच्या स्मृतीस सादर अर्पण'. मी तडक ऐरोलीला भाच्याकडे गेलो. आता हरकत घेण्याचा अधिकार वारस म्हणून त्याचा होता.

"काका, फोटो आमीच दिला," तो हसून म्हणाला. "आत्याला केवढा मान दिलाय बगा! आता कुटं भांडायचं?"

"त्यांना तो मान नको होता, हे तुला माहीत होतं."

"होतं ना. पन आता ती हाय का?"

कायद्याने मी मंदाताईंचा कोणीही लागत नाही. एका शेजाऱ्याचे पत्र कोणत्याही कार्यालयाने उघडावे असे बंधन नाही, हे मी चांगले जाणतो. म्हणून हा मजकूर पत्र म्हणून नव्हे, उघड्यावर लिहीत आहे. मंदाताई वैती यांनी होडी विकली होती, नाव विकले नव्हते. ते खरवडायला त्या नाहीत. मी खरवडतो आहे.